वाक्यातले पाट : इंग्रजी आणि मराठी

मंडळी, कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. तिने कृष्णाला धाडलेल्या निरोपाची कथा इथे कोणाला सांगायला नको. इंग्रजी वाक्याची घडण समजून घ्यायला आज आपण त्या दोघांचाच आधार घेऊ.

'रुक्मिणीने कृष्णाला पाहिले.' आता शब्द हलवा. 'कृष्णाला रुक्मिणीने पाहिले.' जोर बदलला, अर्थ तोच राहिला. कारण कोणी कोणाला पाहिले, हे 'ने' आणि 'ला' सांगतात. आणि ते शब्दाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतात. आता इंग्रजीत म्हणा, 'रुक्मिणी सॉ कृष्ण.' नावांची अदलाबदल केली की होते 'कृष्ण सॉ रुक्मिणी', अन् पाहणाराच बदलतो! पंगतीत पाट ठरलेले असावेत, तसे हे आहे. क्रियापदाच्या आधीचा पाट कर्त्याचा, नंतरचा कर्माचा. प्रश्न विचारायचा तर 'यू आर'चे 'आर यू' करायचे, म्हणजे पुन्हा पाटच बदलायचे. आपण शेवटी 'का' जोडला की झाले. आणि कर्त्याचा पाट रिकामा ठेवायचा नाही, म्हणून 'इट इज रेनिंग'. हा 'इट' कोण? कोणीच नाही, पाट भरायला बसवलेला.

इंग्रजी मुळात अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वी तिच्या नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले आणि त्यांचे काम जागेवर आले. 'ही' आणि 'हिम' ही जोडी त्या जुन्या प्रत्ययांची उरलेली खूण.

आपल्याकडे वाक्याचा शेवट सहसा क्रियापद करते. इथून जवळच्या रिद्धपूरला तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिले गेले, ते आजच्या स्वल्पविराम-पूर्णविरामांशिवाय. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जाते, त्यामुळे वाक्य कुठे संपले ते त्यावरून कळत नाही. तिथे चिन्हाची गरज जास्त. ती चिन्हे मराठीत रुजवण्यासाठी मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली.

व्याकरणाचा विचार मात्र इंग्रजांनी आणला असे समजू नये. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांनी 'पंचवार्तिक' त्याच्या कितीतरी आधी लिहिले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले, तेव्हा समोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पण 'रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली' इथे क्रियापद रामाला सोडून आंब्याच्या अन् चिंचेच्या मागे जाते. हे इंग्रजी चौकटीत बसत नाही. त्यासाठी संस्कृत परंपरेतला 'प्रयोग' हा विचारच हाती घ्यावा लागतो.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून एक गोष्ट सांगतो. वाक्यात मुख्य कोण, यावर आपल्याकडे जुना वाद आहे. वैयाकरण म्हणतात क्रिया. नैयायिक म्हणतात प्रथमेतले नाम. इंग्रजीत कर्त्याचा पाट रिकामा राहू शकत नाही हे पाहिले की नैयायिकांची आठवण होते. मराठीत 'आलो', 'गेलो' एवढ्या क्रियेवर वाक्य उभे राहते.

हे सगळे कशासाठी सांगायचे? आपल्या वऱ्हाडातले पोर मराठीचा क्रम धरून 'आय मँगो ईट' म्हणते, आणि लगेच ठरते की याच्या डोक्यात इंग्रजी शिरत नाही. अहो, त्याचे डोके ठीकच आहे. ते मराठीचा नियम चोख पाळते आहे. दुसऱ्या घरी पाट वेगळे मांडतात, एवढेच त्याला कोणी सांगितले नाही. आधी त्याला त्याच्या भाषेतले 'ने' आणि 'ला' दाखवा. मग म्हणा, बाळा, तिकडे हे प्रत्यय नाहीत, म्हणून जागा सांभाळावी लागते. पाठांतराची भीती निम्मी तिथेच उतरेल.