डेक्कन कॉलेज व त्याचे माजी विद्यार्थी

आमच्याकडे महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ पुष्कळ आहेत. वर्षांतून एकदां स्नेहसंमेलन भरतें, उपाहार होतो, जुन्या प्राध्यापकांच्या नकला होतात, फोटो निघतो आणि मंडळी आपापल्या उद्योगास लागते. यांत वाईट असें कांहीं नाहीं. जुने सोबती भेटले म्हणजे मनास बरें वाटतें, आणि संसाराच्या रगाड्यांत तेवढेंहि थोडें नव्हे. तथापि ज्या संस्थेनें आपणांस घडविलें तिचें आपण कांहीं देणें लागतों कीं काय, हा प्रश्न अशा प्रसंगीं सहसा कोणी काढीत नाहीं. महाराष्ट्रांत तो एकदां फार निकडीनें निघाला होता. ती हकीकत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाची.

पेशव्यांच्या राज्यांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची वहिवाट होती. राज्य गेल्यावर त्या पैशाचें काय करावें, हा पेंच नव्या राज्यकर्त्यांपुढें पडला. तेव्हां मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व दख्खनचा कमिशनर चॅप्लिन यांच्या अमदानींत त्या निधीचा कांहीं भाग बाजूस काढून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा उघडण्यांत आली. १८५१ सालीं तिचें ‘पूना कॉलेज’ झालें, १८६४ सालीं तिला ‘डेक्कन कॉलेज’ हें नांव मिळालें, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगीच्या साह्यानें येरवड्याच्या बाजूस जी दगडी इमारत उभी राहिली तींत हें विद्यालय १८६८ सालीं राहावयास गेलें. पेशव्यांचा दानधर्म, पारशी गृहस्थाचें औदार्य व इंग्रज सरकारची व्यवस्था या तिन्हींचा त्यांत वांटा होता. ती निव्वळ सरकारी कचेरी नव्हती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील वादाचें मूळ त्यांतच आहे.

इमारत शहरापासून दूर, नदीपलीकडे. त्यामुळें पुष्कळ विद्यार्थ्यांस वसतिगृहांतच बिऱ्हाड करावें लागे, आणि सहाध्यायांमधील स्नेह व्याख्यानाच्या दालनापेक्षां अशा बिऱ्हाडांतच अधिक जुळतो. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्री येथेंच जमली. एक कायद्याचा अभ्यास करीत होता, दुसरा एम्. ए. चा. सरकारी नोकरी धरावयाची नाहीं, शिक्षणास वाहून घ्यावयाचें, हा निश्चय दोघांच्या वादविवादांतून पक्का झाला. याच विद्यालयांतून पूर्वीं बाहेर पडलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील चाकरी सोडून नवी शाळा काढण्याच्या बेतांत होते. जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें तें या तीन पदवीधरांच्या संकल्पानें. टिळक पहिल्यापासून तेथें होते, आगरकर आपली परीक्षा आटोपून मागाहून येऊन मिळाले. १८८१ सालीं ‘केसरी’ व ‘मराठा’, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज, असा हा ओघ वाहत गेला. मध्यंतरीं १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत दोघेहि सोबती डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस एकत्र राहिले.

पुढें ते तुटले, हें सर्वविश्रुत आहे. १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला, १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला, आणि १८९० सालीं टिळक सोसायटींतून बाहेर पडले. लेखणीनें एकमेकांस लागेल असें दोघांनींहि पुष्कळ लिहिलें. परंतु १८९५ सालीं आगरकर वारले तेव्हां मृत्युलेख सांगतांना टिळकांचे डोळे वारंवार भरून येत होते, असें सांगतात. सहाध्यायांचा स्नेह म्हणजे नित्य गोडी नव्हे. ज्याच्याशीं अबोला आहे तोहि आपलाच, एवढेंच त्यांत कधीं कधीं उरतें.

या कथेंत एक विलक्षण गोष्ट आहे. मातृसंस्थेच्या या मुलांनीं दुसरें विद्यालय उभारलें तें त्याच शहरांत. १९१६ सालीं तेथें न्यू पूना कॉलेज निघालें, तेंच पुढें सर परशुरामभाऊ कॉलेज झालें. लोकांनीं चालविलेलीं अशीं दोन विद्यालयें असतां सरकारनें आपलें तिसरें कशास चालवावें, असें म्हणणें त्यामुळें सोपें झालें, असें आम्हांस वाटतें. जगभर मंदी होती, सरकारी खर्चांत जिकडेतिकडे काटछाट चालली होती. आणि १९३४ सालीं डेक्कन कॉलेज बंद करण्यांत आलें.

अशा वेळीं माजी विद्यार्थ्यांनीं काय करावयाचें? सभा भरवून खेद प्रदर्शित करावा, ठराव धाडावा आणि घरीं जावें, ही आमची नेहमींची रीत. येथें तसें झालें नाहीं. माजी विद्यार्थ्यांच्या संघानें सरकारशीं झगडा मांडला, प्रकरण न्यायालयापर्यंत नेलें, आणि मुकुंदराव जयकरांसारख्या नामांकित कायदेपंडितानें त्या कामीं पुष्कळ खटपट केली. या भांडणाचें मर्म आमच्या मतें असें: विद्येसाठीं म्हणून एकानें दिलेलें धन दुसऱ्यास सोयीप्रमाणें मोडतां येतें काय? दाता हयात नसतो, शिक्षक पगारी नोकर असतो, चालू विद्यार्थी दोन वर्षांत निघून जावयाचा. तेव्हां हें विचारण्यास जुन्या विद्यार्थ्यांवांचून उरतो कोण?

बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ अधिकारावर असतां १७ ऑगस्ट १९३९ रोजीं डेक्कन कॉलेज पुन्हां उघडलें. मात्र जें गेलें होतें तें परत आलें नाहीं. बी. ए. चे वर्ग त्यांत नव्हते, आणि वसतिगृहांत ज्यांनीं तारुण्य काढलें होतें त्यांस ओळखीचें वाटेल असें तेथें इमारतीखेरीज फारसें कांहीं नव्हतें. उघडली ती पदव्युत्तर संशोधनाची संस्था. सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्रास, हसमुख सांकळिया पुरातत्त्वास व इरावतीबाई कर्वे समाजशास्त्रास लाभल्या. माजी विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस हें पाहून हुरहुर लागली असेल, तर तें स्वाभाविकच म्हणावें लागेल. पण आम्हांस त्या मंडळींचें कौतुक वाटतें तें याचमुळें. त्यांच्यापैकीं कोणासहि त्या वर्गांत पुन्हां बसावयाचें नव्हतें, आणि आपल्या आठवणींतलेंच कॉलेज हवें असा हट्ट त्यांनीं अखेरपर्यंत धरला असता तर बहुधा तेंहि मिळालें नसतें व हेंहि नाहीं.

१९४८ सालीं त्या संस्थेनें संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचें काम हातीं घेतलें. लक्षावधि चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग छापून बाहेर पडावयास १९७६ साल उजाडलें. येरवड्याच्या त्या दगडी इमारतींत कोशाचें काम पिढ्यान् पिढ्या चाललें, आणि आवारांत वसतिगृहांतील टिळकांची खोली जपून ठेवलेली आहे.