काडी, पेटी आणि टिकली

"आगीशी खेळू नकोस रे!" हे वाक्य गिरगाव-लालबागच्या चाळींत किती पिढ्या ऐकू येतंय, देव जाणे. लाकडी जिने, लाकडी कठडे, एकाच खोलीत स्टोव्ह आणि रांगणारं पोर. आईच्या हातात उपाय एकच, काडेपेटी वरच्या फळीवर ठेवायची. पण माझ्यातल्या इंजिनियरला विचाराल, तर ओरडण्यापेक्षा जास्त काम काडेपेटीच्या डिझाईनने केलंय.

एकोणिसाव्या शतकातली काडी म्हणजे भयंकर प्रकार होता. गुलात पांढरा फॉस्फरस. भिंतीवर घासा, बुटाला घासा, पेटलीच! वर तो जहाल विषारी. गुल चोखून मुलं दगावायची, आणि कारखान्यातल्या कामगारांचे जबडे सडायचे ते वेगळंच.

१८४४ साली स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाशने युक्ती काढली. तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि क्लोरेट काडीच्या टोकाला. बँकेच्या लॉकरच्या दोन चाव्याच म्हणा ना! नुसती काडी पोराच्या हाती लागली तरी ती सहजासहजी पेटत नाही. पुढे १९०६ च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी ठरली आणि १९१३ मध्ये आपल्याकडेही तसा कायदा झाला. १९२३ साली स्वीडिश कंपनीने विम्को काढली. तिचा अंबरनाथचा कारखाना आता नाही, विम्को नाका हे नाव मात्र आहे.

नंतर ओट्यावर गॅसचा लायटर आला आणि बऱ्याच घरांत काडेपेटी देव्हाऱ्यापाशी गेली. म्हणजे नेमकी पोरांच्या उंचीवर! असो.

खरी गंमत दिवाळीत. पाशने जे दोन पदार्थ मुद्दाम वेगळे केले, तेच टिकलीत एकत्र असतात, क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस. हे मिश्रण इतकं नाजूक की कारखान्यात ते ओलंच कालवतात, कोरडं घासलं तर हातातच उडायचं. आणि ते आपण क्रॉफर्ड मार्केटातून हौसेने आणून पाच वर्षांच्या मुलाला देतो. पिस्तुलात एका वेळी एकच टिकली फुटते, दारू कणभर, तोवर ठीक. पण परळच्या कुठल्याही चाळीची गॅलरी दिवाळीत बघा. पिस्तूल दुसऱ्या दिवशी मोडतं, मग पोरं अख्खा रोल दगडाखाली ठेवतात. त्यातला एखादा 'शास्त्रज्ञ' टिकल्या खरवडून दारू डबीत साठवत असतो. फुलबाजीवाल्यांपेक्षा आधी त्याच्याकडे लक्ष ठेवा!