लोणावळ्याचा ०.१६ आला कुठून?

मावळात बंगला बांधा नाहीतर सोसायटी, भूकंपाचा हिशोब करताना स्ट्रक्चरल इंजिनिअर सुरुवातीलाच एक आकडा धरतो: ०.१६. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई आणि पुणे दोन्ही झोन ३ मध्ये आहेत, आणि मधलं लोणावळाही. झोन ३ चा गुणांक ०.१६. तुम्हाला वाटेल, लोणावळ्याच्या जमिनीत यंत्र बसवून तो मोजला असेल. तसं नाहीये. तो नकाशातून येतो, आणि तो नकाशा भूकंपांनी वेळोवेळी बदलायला लावलाय.

मानक पहिल्यांदा आलं १९६२ साली. तेव्हा दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, अशीच समजूत होती. लोणावळ्याच्या दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटरवर कोयना धरण बांधताना भूकंपाचं आडवं बल वजनाच्या फक्त ५ टक्के धरलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हादरली. धरणातल्या यंत्राने आडवं त्वरण नोंदवलं ते गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मं. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, पण अंदाज किती तोकडा होता ते कळतं. धरणाला तडे गेले, तरी ते टिकलं. कोयनानगरातली घरं मात्र कोसळली. १९७० च्या आवृत्तीत कोयना परिसर झोन ४ मध्ये गेला.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी. नकाशावर तो भाग झोन १, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. हजारो माणसं गेली. २००२ च्या आवृत्तीत झोन १ च काढून टाकला.

म्हणजे झोन ही भविष्यवाणी नव्हे. तोवर जे कळलं त्याची ती नोंद आहे.

शिवाय झोन म्हणजे अर्धंच उत्तर. कार्ल्याचा कातळ आणि इंद्रायणीकाठची भातखाचरं, दोन्हीकडे ०.१६ च. फरक मातीच्या प्रकाराने पडतो. बुटक्या, ताठ बंगल्याला मानकात तिन्ही मातींसाठी एकच गुणक, २.५. पण एका सेकंदात एक झोका घेणारी उंच इमारत असेल तर कातळावर गुणक १, मऊ मातीत १.६७. झोन तोच, बल दोन-तृतीयांशाने जास्त!

तेव्हा मावळात फ्लॅट बघायला गेलात तर ‘झोन कुठला?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘माती कुठली धरलीय, आणि तपासलीय का?’ हेही विचारा. नकाशा बदलायला भूकंप लागले. मातीसाठी तेवढी वाट बघायची गरज नाही.