मन्सूरचा कुंचला आणि आपली मुले



मुलगा किंवा मुलगी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर पोपट काढताना सापडली, म्हणजे बहुतेक घरांतून एकच प्रश्न निघतो : "याने पोट भरणार आहे का ?" प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्यांनी काबाडकष्ट करून मुलांना शाळेत घातले, त्यांना मुलाच्या भाकरीची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. काही घरांत मात्र आणखी एक प्रश्न असतो, आणि तो अधिक नाजूक असतो : "सजीवाचे चित्र काढणे आपल्याला चालते का ?" या दोन्ही प्रश्नांचा विचार इतिहासाच्या उजेडात करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय तसा लहान आहे : हुबेहूब पक्षी रंगवण्याची कला. पण तिचा इतिहास आपल्या घराशी किती जवळून जोडलेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम मोगल दरबाराकडे वळू. जहांगीर बादशाहाने 1605 ते 1627 या काळात राज्य केले. त्याच्या दोषांची चर्चा पाठ्यपुस्तकांतून भरपूर होते. परंतु त्याची निरीक्षणशक्ती एखाद्या शास्त्रज्ञाला शोभणारी होती, हे फारसे सांगितले जात नाही. त्याने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळून तिला लैला-मजनू अशी नावे दिली होती. त्यांचा समागम केव्हा झाला, अंडी केव्हा घातली, नर आणि मादी आळीपाळीने अंडी कशी उबवतात, याच्या नोंदी त्याने आपल्या आत्मचरित्रात केल्या. त्याच आत्मचरित्रात तो सांगतो की, पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण त्यांची चित्रे काढवून घेतली नसावीत. आपण मात्र वर्णनही लिहितो आणि चित्रकारांना चित्रही काढायला सांगतो, म्हणजे ऐकून जे आश्चर्य वाटते, ते पाहून दुणावेल.

ही आज्ञा ज्याने सर्वोत्तम रीतीने पाळली, तो चित्रकार म्हणजे उस्ताद मन्सूर. तो आपल्या नावापुढे 'नक्काश' असे लिही. अकबराच्या चित्रशाळेत त्याची उमेदवारी झाली आणि जहांगीरच्या काळात त्याला 'नादिर-उल्-अस्र', म्हणजे 'युगातील अद्वितीय', हा किताब मिळाला. 1612 मध्ये मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी खरेदी करून बादशाहाकडे आणले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून दूरदूरचे प्राणी तेव्हा गोव्यात उतरत. त्या प्राण्यांत अमेरिका खंडातला टर्की कोंबडा होता. आपल्या कोकणच्या शेजारच्या बंदरातून आलेल्या या पाहुण्याचे मन्सूरने काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मानेवरची सुरकुतलेली लाल-निळी कातडी आणि पंखांवरची पट्ट्यांची रांग पाहिली, म्हणजे चित्रकार त्या पक्ष्यासमोर किती वेळ बसला असेल याची कल्पना येते.

याच संदर्भात झेब्र्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1621 मध्ये हबसाणातून आलेला झेब्रा दरबारात दाखल झाला, तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे कोणीतरी रंगवले असावेत असा लोकांना संशय आला. नीट तपासणी झाली आणि पट्टे निसर्गाचेच आहेत अशी खात्री पटली. मग मन्सूरने त्याचे चित्र काढले. आधी तपासणी, मग चित्र. विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या तासाला आपण यापेक्षा वेगळे काय शिकतो ?

आता या चित्रांचे मोल पाहा. मन्सूरने काढलेला सायबेरियन क्रौंच कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण युरोपात 1773 मध्ये झाले. मन्सूरने तो त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी पिसांसकट नोंदवून ठेवला होता. हा क्रौंच दर हिवाळ्यात भरतपूरला येत असे. 2002 नंतर तो तिथे आलेला नाही. मॉरिशस बेटावरचा डोडो हा न उडणारा पक्षी तर सतराव्या शतकातच पृथ्वीवरून नाहीसा झाला. जिवंत डोडो पाहून काढलेली रंगीत चित्रे जगात अगदी मोजकी आहेत, आणि त्यांतले एक मन्सूरच्या हातचे मानले जाते. ते रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. सुरतेस दोन डोडो पाहिल्याचे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे डोडो हिंदुस्थानात आला होता यात शंका नाही. पक्षी गेला, चित्र उरले. आज शास्त्रज्ञ डोडोचा आकार आणि रंग ठरवताना या मोगली चित्राकडे वळतात.

मोगल गेले, कंपनी सरकार आले, तरी हा हुनर मेला नाही. कलकत्त्याचे सरन्यायाधीश एलिजा इंपी यांच्या पत्नी मेरी इंपी यांनी आपल्या बागेत पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रे काढण्यासाठी त्यांनी 1777 च्या सुमारास पाटण्याचे शेख जैनुद्दीन यांना बोलावले. त्यांच्या जोडीला भवानीदास आणि रामदास हे दोन चित्रकार होते. या तिघांनी मिळून तीनशेहून अधिक चित्रे काढली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक पक्षी आहेत. कागद विलायती, विषय शास्त्रीय, पण कुंचला आणि नजर मात्र मोगली परंपरेची. एकाच कामावर शेख आणि दास खांद्याला खांदा लावून बसले होते, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे सारे दिल्ली-कलकत्त्याचे झाले. आमच्या पुण्याचे काय ? पुण्याचेही आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी हस्तलिखित जतन केलेले आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी आफताबी या कवीने ते रचले. त्यातली चित्रे 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या काळातली आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक नमुना सदाशिव पेठेत आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे ?

पुढे सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवी. या मंडळींत पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट हे नाव ठळकपणे पुढे येते. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेतच. शिवाय 1790 साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी प्रत्यक्ष पाहून काढला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. प्राणी समोर ठेवून हुबेहूब काढण्याची जी रीत मन्सूरने आग्र्यात गाजवली, तीच रीत पावणेदोनशे वर्षांनी कसब्यातल्या तांबटाच्या आडनावाने पुण्यात पुन्हा दिसावी, हा योगायोग सुखद आहे. आणखी एक गंमत अशी की, भर दुपारी वडापिंपळावर बसून 'टुक् टुक्' असा घणाचा आवाज काढणाऱ्या छोट्या हिरव्या पक्ष्यालाही आपण मराठीत तांबटच म्हणतो.

आता आधुनिक काळाकडे येऊ. डॉ. सालिम अली यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेल्या या मुलाचे आईवडील लहानपणीच वारले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि त्या मुलाचे आयुष्य बदलले. पालकहो, इथे क्षणभर थांबा. "चिमणीच्या डागाने पोट भरते का ?" असे मामांनी विचारले असते, तर काय झाले असते ? अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांचा अभ्यास करणारा, 1941 मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे सचित्र पुस्तक देणारा, 1976 मध्ये पद्मविभूषण झालेला संशोधक आपल्याला मिळाला नसता. सालिम अली चित्रकार नव्हते. पण मोगल बादशाहांच्या निसर्गनिरीक्षणावर त्यांनी 1927-28 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली होती. जहांगीर आणि मन्सूर यांचे ऋण त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पुस्तकाने सामान्य माणसाला पक्षी ओळखता आले, ते शब्दांइतकेच चित्रांच्या आधाराने.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे हाताचे काम. तुमच्या हाती आज अॅक्रिलिक रंग आहेत. चित्रकारांसाठी ते बाजारात आले 1950 च्या दशकात. ते पाण्यात कालवता येतात, लवकर वाळतात, आणि एकदा वाळले की पाण्याने विरघळत नाहीत. त्यामुळे एका थरावर दुसरा थर निर्धास्त देता येतो. मोगल चित्रकार दगड, माती, काजळी यांच्या रंगांत डिंक मिसळत, खारीच्या केसांचा कुंचला वापरत आणि थरावर थर देऊन अकीकाच्या दगडाने चित्र घोटत. साधने बदलली, पण कामाचा क्रम फारसा बदललेला नाही.

पहिले दोन दिवस रंगाला हात लावू नका. पक्षी पाहा. चोच डोक्याच्या मानाने किती लांब, शेपटी पंखाबाहेर किती येते, बसताना अंग किती तिरके, हे पेन्सिलीने टिपा. मग आकृती काढून सर्व अंगावर मध्यम छटेचा पातळ थर द्या. तो वाळला की पिसांच्या गटांमधली सावली गडद रंगाने धरा. पिसे कौलांसारखी एकावर एक रचलेली असतात. डोक्यावर बारीक, पाठीवर मोठी, पंखाच्या टोकाला लांब. त्यांची दिशा चुकली, तर रंग कितीही सुंदर असला तरी पक्षी फाटक्या उशीसारखा दिसतो. त्यानंतर बारीक कुंचल्याने उजेडाच्या रेषा ओढा. प्रत्येक पीस काढायचा हट्ट नको. जिथे उजेड पडतो तिथे थोडी पिसे स्पष्ट दाखवली, की बाकीची डोळा आपोआप पाहतो. शेवटी पाण्यासारखा पातळ रंग सर्वांवरून फिरवा, म्हणजे तुटक रेषा एकजीव होतात. डोळ्यातला पांढरा ठिपका सर्वांत शेवटी. पुण्याच्या उन्हाळ्यात हे रंग थाळीतच वाळतात, म्हणून खाली ओले फडके ठेवावे.

आता त्या नाजूक प्रश्नाकडे. सजीवांच्या चित्रांविषयी आपल्या आलिमांमध्ये मतभेद आहेत. मी इतिहास शिकवणारा शिक्षक आहे, फतवा देण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्या घरात हे चालत नाही त्या घराचा मान राखलाच पाहिजे. इतिहास काय सांगतो, तेवढे मी सांगतो. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराचा एक विचार नोंदवला आहे. त्याचा आशय असा : चित्रकार एकेक अवयव काढत जातो, पण त्यात प्राण घालणे आपल्या हाती नाही, हे त्याला पदोपदी जाणवते, आणि त्यामुळे तो निर्मात्यापुढे अधिकच नम्र होतो. ज्यांना हा विचार पटत नसेल, त्यांच्या मुलांसाठीही वाट बंद नाही. मन्सूरने काश्मीरची शंभराहून अधिक फुले काढली, असे जहांगीर लिहितो. घरटी, झाडे, फुले, पडलेले एखादे पीस, यांतही डोळा तितकाच तयार होतो. आणि पक्ष्यांकडे नुसते पाहण्यास तर कोणाचीच हरकत असणार नाही. आकाशात पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यांकडे सूरह अल्-मुल्कमध्ये आपले लक्ष वेधलेलेच आहे.

राहिला पोटाचा प्रश्न. पक्षी रंगवणारे प्रत्येक मूल मन्सूर होणार नाही, जसे क्रिकेट खेळणारे प्रत्येक मूल कसोटीपटू होत नाही. परंतु शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आहेत, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, मुंबईत 1857 पासूनचे जे. जे. स्कूल आहे. पुस्तकांची सजावट, वैद्यकीय आणि शास्त्रीय आकृत्या, वास्तुरचना, या साऱ्यांना नीट पाहणारा डोळा आणि स्थिर हात लागतो. पुढे डॉक्टर किंवा फिटर झालेल्या मुलालाही तो डोळा उपयोगी पडतो.

शेवटी एक विनंती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ रानात माळढोक हा मोठा, डौलदार पक्षी राहत असे. महाराष्ट्रात तो दिसणे आज अत्यंत दुर्मिळ झाले आहे. येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी सालिम अलींच्या नावाचे पक्ष्यांचे रान आहे, त्यालाही शहराने चहूकडून वेढले आहे. आज जे पक्षी तिथे दिसतात, ते पन्नास वर्षांनी दिसतीलच असे नाही. तेव्हा एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. सोबत एक वही आणि एक पेन्सिल असू द्या. मूल वहीत काय काढते आहे हे पाहून रागावण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा : "बेटा, हा पक्षी तू कुठे पाहिलास ?" उत्तर नीट देता आले, तर त्याचा अभ्यास चालू आहे असे खुशाल समजा.