साखरदाणीवरचा नांगर

दिवाळीच्या साफसफाईत घरातली चांदीची साखरदाणी पुसायचं काम माझ्याकडे आलं. तिची आमच्याकडे एक कथा आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात खापरपणजोबा सोलापूरकडे दुष्काळी कामांवर कारकून होते, आणि एका गोऱ्या साहेबाने खूश होऊन त्यांना ती दिली. लहानपणापासून ऐकतोय. पण तिच्या बुडाशी चार बारीक छाप आहेत, हे यावेळी पहिल्यांदा दिसलं. मोबाईलने झूम करून पाहिलं: दोन आद्याक्षरं, नांगर (जहाजाचा, शेतकऱ्याचा नव्हे!), चालणारा सिंह आणि एक सुटं अक्षर.

झालं, शनिवार-रविवार त्यातच गेला. हे छाप म्हणजे चक्क लॉग फाईल आहे. आद्याक्षरं बनवणाऱ्याची. सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के शुद्ध. इंग्लंडमध्ये तो १५४४ पासून मारतात. आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. आता बर्मिंगहॅमला समुद्र कुठला? तर तिथला कारखानदार मॅथ्यू बोल्टन (जेम्स वॉटचा वाफेच्या इंजिनातला भागीदार, तोच) याला चांदीचा कस तपासायला माल लांब चेस्टरला पाठवावा लागे, आणि तो परत येताना पोचे-चरे घेऊन येई. वैतागून त्याने पार्लमेंटमध्ये खटपट केली आणि १७७३ मध्ये बर्मिंगहॅमला स्वतःची तपासणी कचेरी मिळाली, सोबत शेफिल्डलाही. त्यासाठीच्या बैठका लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या गुत्त्यात व्हायच्या, म्हणून शेफिल्डने मुकुट घेतला न् बर्मिंगहॅमने नांगर, अशी दंतकथा आहे.

असो. मी अडकलो ते पाचव्या छापाशी, जो नव्हताच. १७८४ ते १८९० इंग्लंडमध्ये चांदीवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून राजा-राणीचं डोकं उमटवत. दुष्काळातली साखरदाणी असती तर व्हिक्टोरियाबाई दिसायला हव्या होत्या. सुटं अक्षर वर्षाचं असतं. तक्त्याशी ताडलं, १९०२ निघालं. तीनदा तपासलं.

खापरपणजोबा १८९७ च्या प्लेगात गेले.

बाबांना सांगितलं. ते "तुझा तक्ता चुकला असेल" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. ही कथा मुंजीत, लग्नात, येईल त्या पाहुण्याला त्यांनीच सांगितलेली. मला उगाच अपराधी वाटलं.

रात्री आजीला भीतभीत सांगितलं. ती वाती वळत होती.

"अरे, मामंजींना हौस होती. मुंबईला गेले की चोरबाजारातून काहीबाही घेऊन यायचे. त्यातलीच ही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाबाला साहेबाची गोष्ट फार आवडायची. लहान असताना तीच ऐकून जेवायचा."