भिंग, माप आणि कारागीर

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण शोध लावणाऱ्याचे नाव घेतो. एका यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्राला बसवणाऱ्याला विसरतो. जुने भिंग परक्या कॅमेऱ्याला जोडणे हे अशाच विसरलेल्या हातांचे काम. या जुळवणीच्या विद्येचा एक ठळक दाखला आपल्या कोल्हापूरचाच आहे.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे भाऊ. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि या भावांनी मुंबईहून चित्रपट दाखवण्याचे यंत्र आणून त्याचा अभ्यास मांडला. दाखवण्याच्या यंत्रात उजेड आतून भिंगावाटे बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरचा आत येतो. पण फिल्म थांबत थांबत पुढे सरकवण्याची युक्ती दोन्हींत एकच. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

आता साध्या छायाचित्राच्या कॅमेऱ्याकडे वळू. जर्मनीतील लाइट्झ कारखान्याचा ‘लायका’ १९२५ साली बाजारात आला. १९३० साली त्याचे भिंग काढता-घालता येऊ लागले. पण प्रत्येक भिंग त्याच्याच कॅमेऱ्यापुरते जुळवलेले असे. १९३१ साली बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर ठरले, आणि कोणतेही भिंग कोणत्याही लायकाला चालू लागले. १९३२ साली अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. भिंग फिरवले की त्याची मागची कड आतला दांडा ढकलते. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक आल्या की अंतर साधले.

म्हणून जुने भिंग बसवणाऱ्याला दोन हिशेब राखावे लागतात. मधली कडी किंचित जाड झाली तरी दूरचा डोंगर पुसट येतो. आणि दांड्याची चाल चुकली, तर खिडकीत सारे ठीक दिसते, फिल्मवर मात्र चेहरा धूसर उमटतो. महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी झाइसच्या ‘सोनार’ भिंगाच्या घडणीवर ‘ज्युपिटर’ काढले आणि ते लायकासारख्या ३९ मिलिमीटरच्या आट्यांतही दिले. ते लायकावर सहज चढते. तरी जवळची वस्तू टिपताना नेम थोडा ढळतो, कारण दोघांची चाल वेगळ्या मापावर बेतलेली. आटे जुळले म्हणजे माप जुळले असे नव्हे, हे पंपाचा पाइप बसवणारा आपल्याकडचा फिटरही सांगेल.

कामगारांत वावरताना मी पाहत आलो आहे की, माप ज्याच्या वहीत कुलूपबंद, त्याच्याच हाती इतरांची भाकरी. २८.८ हा आकडा उघड झाला, तेव्हा लहान कारखान्यालाही त्या कॅमेऱ्यासाठी भिंग बनवता आले आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही कडी कातता आली. ठरलेले माप ही सर्वांची मिळकत आहे.

तेव्हा घरातल्या ट्रंकेत जुना कॅमेरा निघाला तर तो मोडीत घालू नका. भिंग बसवायचे तर कानस कडीवर चालवा, जुन्या भिंगावर नको. कडी पुन्हा करता येते, घासलेली बैठक परत येत नाही. आणि कडी कातणाऱ्याचे नाव व तिची जाडी कागदावर लिहून त्या पेटीतच ठेवा. कारागीर गेल्यावर त्याचे माप तरी पुढच्या हाताला मिळाले पाहिजे.