जाब कोणीं विचारावा?

शाळेचा निकाल खालावला म्हणजे जाब कोणाला विचारावयाचा? हेडमास्तरांना, सरकारला, कीं ज्या गांवाच्या पट्टीवर शाळा चालते त्या गांवच्या प्रतिनिधींना? इंग्लंडांत हा वाद दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि त्याचा निवाडा जवळजवळ प्रत्येक पिढींत निराळा झाला आहे.

आरंभीं जाब विचारणारा एकटा सरकारी इन्स्पेक्टर होता. १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं अमलांत आणलेल्या नियमांप्रमाणें इन्स्पेक्टरनें वर्षांतून एकदां शाळेंत यावें, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उत्तीर्ण होतील त्या मानानें शाळेला ग्रँट मिळावी, अशी व्यवस्था होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुस्तकाकडे न पाहतां धडा घडाघडा म्हणणारीं मुलें तयार होऊं लागलीं. कवि मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः शाळांचे इन्स्पेक्टर. त्यांनींच या यांत्रिक पद्धतीवर कडक टीका केली. हीच पद्धत आपल्या मुंबई इलाख्यांतही आली होती. इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीची धास्ती आपल्याकडील मास्तरांच्या मनांत पुढें पिढ्यान् पिढ्या राहिली, तिचें एक मूळ येथें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१८७० च्या कायद्यानें ठिकठिकाणीं लोकनियुक्त स्कूल बोर्डें निर्माण झालीं. पार्लमेंटची दारें स्त्रियांना बंद असतांना या बोर्डांवर त्या निवडून येऊं शकत. लंडनच्या पहिल्याच बोर्डांत डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट प्रचंड मतांनीं निवडून आल्या. बोर्डांचें काम कायद्यानें प्राथमिक शिक्षणापुरतें होतें. परंतु हुषार मुलें वरच्या वर्गाची मागणी करूं लागलीं तेव्हां बोर्डांनीं शास्त्र व कला यांचे वर्गही काढले. हा खर्च बेकायदेशीर आहे, असा आक्षेप कॉकर्टन नांवाच्या हिशेबतपासनिसानें लंडन बोर्डावर घेतला, आणि १९०१ सालीं वरिष्ठ कोर्टानें तो उचलून धरला. एका ऑडिटरच्या शेऱ्यानें एवढी मोठी उलथापालथ व्हावी, हें इतिहासांत क्वचितच घडतें.

दुसऱ्याच वर्षीं बाल्फोर यांच्या कायद्यानें बोर्डें मोडलीं आणि शिक्षण कौंटी व मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे गेलें. माध्यमिक शाळा काढण्याचा व चालविण्याचा निःसंशय अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला तो येथूनच. १९०७ पासून ग्रँट घेणाऱ्या माध्यमिक शाळांनीं साधारण चौथा हिस्सा जागा विनामूल्य ठेवाव्या असें ठरलें, आणि १९४४ च्या कायद्यानें सरकारी खर्चावरच्या सर्वच माध्यमिक शाळांतील फी गेली. यानंतरचीं तीस-चाळीस वर्षें कौन्सिलांच्या वैभवाचीं. इमारती त्यांच्या, शिक्षकांच्या नेमणुका त्यांच्या, सल्लागारही त्यांचेच. मात्र अमुक शाळेंतून किती मुलें कांहींएक न शिकतां बाहेर पडलीं, हा प्रश्न उघडपणें विचारण्याची चाल फारशी नव्हती. १९७६ सालीं मुख्य प्रधान कॅलॅहन यांनीं ऑक्सफर्ड येथील भाषणांत तो विषय काढला, आणि १९८८ च्या कायद्यानें अभ्यासक्रम वरिष्ठ सरकारकडे व पैशाची थैली हेडमास्तरांकडे गेली. १९९२ पासून शाळाशाळांचे निकाल वर्तमानपत्रांत छापून येऊं लागले. कौन्सिल दोहोंच्या मध्यें सांपडलें.

अशा वेळचें टॉवर हॅम्लेट्सचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. लंडनच्या पूर्वेस गोद्यांलगतचा हा भाग. प्रथम फ्रान्समधून आलेले विणकर, मग रशियाकडून आलेले ज्यू, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिल्हटकडील बंगाली कुटुंबें, अशी येथील वस्ती बदलत गेली. गरिबी तेवढी बदलली नाहीं. १९९० सालीं लंडनचें मध्यवर्ती शिक्षणमंडळ मोडलें आणि येथील शाळा स्थानिक कौन्सिलच्या पदरांत पडल्या. १९९७ मध्यें देशांतील १४९ स्थानिक शिक्षणसंस्थांत हिचा क्रमांक शेवटचा होता. सोळाव्या वर्षींच्या परीक्षेंत पांच विषयांत चांगली श्रेणी मिळविणारीं मुलें सुमारें चौथा हिस्सा. पुढच्या वर्षीं इन्स्पेक्टरांच्या अहवालानें खुद्द कौन्सिलच्या कारभारावर ठपका ठेवला.

अशा ठिकाणीं एक सबब नेहमीं हाताशीं असते: घरीं इंग्रजी नाहीं, बाप बेकार, मग मुलें काय दिवे लावणार? १९९७ मध्यें आलेल्या शिक्षणाधिकारी क्रिस्टीन गिल्बर्ट यांनीं ती सबब ऐकून घेतली नाहीं. प्रत्येक शाळेसमोर तिचेच आंकडे मांडण्यांत आले, पुढील वर्षाचें उद्दिष्ट ठरविण्यांत आलें, आणि शाळा मागें पडली तर कौन्सिलचे सल्लागार दारांत उभे राहूं लागले. पण ते नुसती वही घेऊन आले नाहींत. शिक्षक मिळवून देणें, इंग्रजी कच्चें असलेल्या मुलांना वेगळें शिकविणें, बंगाली जाणणाऱ्या स्थानिक मदतनिसांना शिक्षकाच्या शिक्षणाची वाट करून देणें, हीं कामेंही कौन्सिलनें अंगावर घेतलीं. हजेरीचा प्रश्न फार बिकट होता. कित्येक कुटुंबें ऐन सत्रांत मुलांना घेऊन आठवडेच्या आठवडे गांवीं जात. तेव्हां मशिदींच्या इमामांना भेटून त्यांच्याकडून आईबापांना समजावण्यांत आलें; नोटिशीनें जें झालें नसतें तें अशानें साधूं लागलें.

याच सुमारास वरिष्ठ सरकारनेंही लंडनच्या शाळांसाठीं २००३ पासून खास योजना चालविली. टिम ब्रिगहाउस यांच्यासारखा अनुभवी माणूस तिच्या आघाडीला होता. पैसाही लंडनला अधिक मिळाला, हें नाकारतां येत नाहीं. लंडनच्या सुधारणेचें श्रेय प्राथमिक शाळांना द्यावें, कीं नव्या वस्तीच्या शिक्षणाच्या ओढीला, यावर अभ्यासकांचा वाद आहे. परंतु पंधरा वर्षांत टॉवर हॅम्लेट्सचा निकाल देशाच्या सरासरीच्या पुढें गेला, हें सर्वमान्य आहे.

गंमत अशी कीं हें यश पदरांत पडत असतांनाच कौन्सिलांची सत्ता ओसरत होती. २०१० च्या कायद्यानें शाळांना कौन्सिलच्या कक्षेंतून बाहेर पडून थेट सरकारशीं करार करण्याचा मार्ग सुलभ झाला. २०१६ मध्यें सर्वच शाळांवर ती सक्ति करण्याचा बेत जाहीर झाला. कौन्सिलांतून आणि सरकारी पक्षांतूनही ओरड झाल्यावर तो मागें घ्यावा लागला. तरी इंग्लंडांतील दहांपैकीं आठांहून अधिक माध्यमिक शाळा कौन्सिलच्या हाताबाहेर गेल्या. आपल्या हद्दींतील शिक्षणाचा दर्जा वाढविण्याचें कर्तव्य मात्र कायद्याच्या पुस्तकांत कौन्सिलच्याच नांवावर राहिलें. टॉवर हॅम्लेट्समध्यें सल्लागारांसाठीं सरकारी पैसा आटूं लागला, तेव्हां तेथील शाळांनीं कौन्सिलला बरोबर घेऊन एक संयुक्त संस्था काढली, आणि पूर्वीं कौन्सिल जें काम आपल्या खर्चानें करीत असे त्यासाठीं त्या स्वतःच वर्गणी देऊं लागल्या.